कपाच्या कानाला दोरा

कपाच्या कानाला तांबडा दोरा बांधलेला होता. दौलत गमरेला तो आधी दिसला नाही, बोटाला लागला. फायली बांधायचा साधा सुती दोरा, कचेरीत ढिगाने पडलेला असतो तसलाच. दोन फेरे देऊन घट्ट गाठ मारलेली होती आणि कप विसळताना भिजल्यामुळे रंग सुटला होता. दौलतने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पेरावर उमटलेला तांबडा डाग बघत राहिला. मग मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी त्याने शेजारच्या टेबलावरचा पेडणेकरांचा कप पाहिला. त्याला दोरा नव्हता. पलीकडे हेडक्लार्क बोडसांचा कप होता, त्यालाही नव्हता. खिडकीपाशी टायपिस्टबाईंच्या कपाला तर कानच नव्हता. धोंडू शिपाई चहा वाटून, रिकामा ट्रे काखेत मारून दाराबाहेर पडत होता. वर पंखा रोजच्यासारखा करकरत होता. भायखळ्याच्या त्या कचेरीत दुपारी तीन वाजता जे काही होत असे ते सगळं बिनबोभाट चाललं होतं, आणि एवढा एक दोरा सोडला तर नवीन काहीच नव्हतं.

‘आलं,’ तो मनाशी म्हणाला. ‘आलं एकदाचं.’ आणि गंमत म्हणजे त्याला बरं वाटलं. येतो म्हणून कळवलेला पाहुणा येतच नाही, आणि आपण रोज थोडा भात जास्तीचा टाकतो, तसं त्याचं या कचेरीत पहिल्या दिवसापासून चाललं होतं. पहिल्या दिवशी बोडसांनी आडनाव विचारलं, त्याने ‘गमरे’ सांगितलं, आणि बोडसांनी मान हलवली. फार सभ्यपणे हलवली. त्या मान हलवण्यात काय होतं याचा कीस तो अजून काढत होता. पुढे काही घडलं नाही. उलट कामगार मैदानावरच्या सभेला बोडस आणि तो खांद्याला खांदा लावून उभे राहिले, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणून ओरडले, दोघांचेही घसे बसले. बोडसांचा घसा खडीसाखरेने सुटला. दौलतचा बसला तो बसलाच. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी कुणी विचारलं की तो सांगे, “आपला घसा महाराष्ट्राला वाहिलाय.” लोक हसत, तोही हसे. आता त्याने कप हातात घेतला आणि काय बोलायचं ते जुळवू लागला. घटनेचं अस्पृश्यता मोडीत काढणारं सतरावं कलम त्याला पाठ होतं. उठायचं, कप बोडसांच्या टेबलावर ठेवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं. शब्द एकामागून एक येत होते, इतके सहज की जणू दोन पिढ्या ते तोंडात तयारच होते. तेवढ्यात आई खोकली.

त्याच्या खुर्चीच्या मागेच, जरा डावीकडे. आधी कोरडं, मग खोल, मग शेवटी चिंधी फाटल्यासारखा तो ओळखीचा आवाज. दौलत दचकला नाही. आई जाऊन दीड वर्ष होत आलं होतं, पण तिचं खोकणं राहिलं होतं. सुरुवातीला ते फक्त घरी, ती बसायची त्या कोपऱ्यातून येई. मग जिन्यात येऊ लागलं, मग ट्राममध्ये, आणि गेले काही दिवस ती कचेरीतही येत होती. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांना, म्हणजे आबांना, सांगितलं असतं तर, देव बुडवले आणि भुतं कशाला ठेवलीस, म्हणून त्यांनी झापलं असतं. शिवाय त्याला ते हवंसंही वाटे. आयुष्यात कधी चाळीच्या नळापलीकडे न गेलेली आई आता त्याच्याबरोबर नोकरीवर येत होती. खोकला थांबला तेव्हा पेडणेकरांनी आपली खुर्ची थोडी खिडकीकडे सरकवून घेतली. दौलतला वाटलं, यांनाही ऐकू आलं की काय? मग त्याने तो विचार सोडून दिला.

आईच्या खोकल्याशी त्या घराचं नातं जुनं होतं. गिरणीत नवा माणूस पहिले काही दिवस कानात कापसाचे बोळे घालतो, मग बोळे काढले तरी त्याला यंत्र ऐकू येत नाही. तसं नायगावच्या चाळीतल्या त्या एका खोलीत झालं होतं. आई खोकायची आणि कुणाला ऐकू यायचं नाही. आबा पेपर वाचत राहायचे, दौलतची बायको सुभद्रा भाकरी थापत राहायची, दौलत परीक्षेचा अभ्यास करायचा. ‘शिवडी’ हा शब्द कुणी काढायचा नाही, कारण शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात गेलेलं माणूस चाळीच्या लेखी गेल्यातच जमा असे. अळीमिळी गुपचिळी. आई सगळ्यांच्या मागून जेवायची, उरेल ते, आबांच्याच ताटात. तिची तब्येत कशाने गेली याचं उत्तर त्या ताटात रोज दिसत होतं, पण ताट घासून पालथं पडलं की तेही दिसेनासं होई. शेवटी रक्त पडलं तेव्हा नेलं. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, चांगला होता, ओरडला नाही. आबांना समोर बसवून त्याने सांगितलं, “औषध मिळेल. पण यांचं अंथरूण लांब घाला, नातीला कुशीत घेऊ देऊ नका. ताट-वाटी, कप, सगळं वेगळं ठेवा.” तोपर्यंत आबा हो हो करत होते. ‘वेगळं’ या शब्दाशी ते थांबले. “येगळं म्हंजे?” त्यांनी विचारलं. डॉक्टरला प्रश्न कळला नाही. त्याने पुन्हा तेच, सावकाश सांगितलं. बिचाऱ्याला काय माहीत, त्याने कुणाला काय सांगितलं ते!

आबा म्हणजे भिवा गमरे, सगळा जन्म गिरणीच्या रिंगखात्यात, सूतकताईत काढलेले. कापड विणायच्या साचेखात्यात पगार दीडपट, पण तिथे त्यांच्या माणसाला घेत नसत. मागावर धोट्यातून सूत ओढायला धोट्याला तोंड लावावं लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. मराठ्याचं उष्टं भंडाऱ्याला चाले, भंडाऱ्याचं मुसलमानाला चालवून घेतलं जाई, पण भिवा गमऱ्याच्या तोंडचा धोटा कुणाच्याच तोंडी जाणार नव्हता. साचेवाले एकमेकांच्या थुंकीबरोबर एकमेकांचा खोकलाही गिळत होते, हे आबांना कोण सांगणार! त्यांना बाहेरून एवढंच दिसे की ती सगळी माणसं एका तोंडाची आहेत आणि आपण नाही. गावचं एक त्यांनी दौलतला एकदाच सांगितलं होतं. तहान लागली की खोताच्या अंगणाबाहेर उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाशी धरायची, आणि खोताची बायको पायरीवर उभी राहून हात जेवढा वर जाईल तेवढा वर नेऊन तांब्याची धार सोडायची. पाणी कोपरावरून गळत राहायचं, पोटात कमीच जायचं. सांगून झाल्यावर म्हणाले होते, “पोरीच्या कानावर ह्ये कदी घालू नका.” आणि कुणी घातलं नाही. बौद्ध दीक्षा घेऊन आले त्या आठवड्यात त्यांनी कोनाड्यातले देव गाठोड्यात बांधून दादरच्या समुद्रात सोडले आणि येताना लालबागच्या बाजारातून अर्धा डझन कप-बशा आणल्या, निळ्या काठाच्या, सगळ्या एकसारख्या. कुणाचा कोणता ते कळूच नये अशा. “आजपासनं माज्या घरात कुनाचा कप येगळा न्हाय,” ते म्हणाले, आणि आई पदराने कप पुसत हसली होती. ते हसणं दौलतला अजून दिसे.

म्हणून आईचा कप वेगळा झाला नाही. औषध आणलं, टोचायला नेलं, सगळं केलं, पण कप नाही, आणि कप नाही म्हटल्यावर मग अंथरूणही नाही. आईनेच एकदा गुपचूप एक कप घासलेटच्या डब्यामागे लपवला आणि त्यातून प्यायला लागली. आबांना तो सापडला. त्यांनी त्यात चहा ओतला, अर्धा स्वतः प्यायले आणि उरलेला तिच्यासमोर धरला. “पी,” म्हणाले. आई रडली. चाळीत त्या गोष्टीचं कौतुक झालं, की माया असावी तर अशी. आणि ती मायाच होती. तीच तर पंचाईत होती. औषध आईला पुरं पडलं नाही, आणि ती गेली त्या दिवशी तिच्या तोंडात पाणी घातलं ते निळ्या काठाच्या कपानेच, कोणत्या ते कुणाला सांगता आलं नसतं.

कचेरी सुटल्यावर दौलत मोरीपाशी गेला, तेव्हा आई मागोमाग खोकत आली. धोंडू कप विसळत होता. दोऱ्याचा कप त्याने बाजूला, एकटाच ठेवला होता.

“धोंडू, हा दोरा कुणी बांधायला सांगितला?”

धोंडूने नळ बंद केला. “सायब, माझ्यार राग धरू नकात. बोडससायबांनी सांगितल्यानी.”

“काय सांगितलं?”

“गमऱ्यांचो कप वेगळो ठेव म्हणान.”

“का म्हणून?”

“खोकल्यापायी, सायब. जातीपातीचा काय नाय. रवळनाथाची शपथ.”

“कुणाच्या खोकल्यापायी?”

धोंडू त्याच्याकडे बघतच राहिला. त्या नजरेत कीव होती आणि थोडी भीतीही होती. “तुमच्या,” तो म्हणाला.

“मी कुठे खोकतो?”

“सायब, आत्ताच खोकल्यात.”

‘ती आई होती,’ असं दौलतच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते परत गिळलं. मागे, जरा डावीकडे, आई पुन्हा खोकली. पण धोंडू मागे बघत नव्हता. धोंडू त्याच्या तोंडाकडे बघत होता. दौलतने हात तोंडाशी नेला. तळहात ओला झाला.

“माझो भाव असोच गेलो,” धोंडू हलक्या आवाजात म्हणाला. “छातीचो फोटो काढून घेवा, सायब. आता टोचूच्यो सुयो इल्यात. माणूस बरो होता.” दौलतने दोऱ्याची गाठ नखाने सोडवली, दोरा खिशात टाकला आणि जिना उतरला.

ट्राम लालबागकडे निघाली तेव्हा त्याला राग यायला हवा होता, पण राग सापडेना. दुपारचे ते सगळे तयार शब्द कुठे गेले कुणास ठाऊक. जात असती तर किती सोपं होतं! जातीशी कसं भांडायचं ते त्याला शिकवलेलं होतं, घरी भिंतीवर घटनाकारांचा फोटो होता, कलम होतं, आबा पाठीशी उभे राहिले असते. दोरा खोकल्याचा निघाला आणि तो एकदम एकटा पडला. मग वाटलं, पेडणेकर सबंध पावसाळा खोकत होते. त्यांच्या कपाला कुठे दोरा होता? बोडस तपकीर ओढून टेबलभर शिंकतात, त्यांच्या? म्हणजे जातच. पण धोंडूने खोटी शपथ घेतली नसती. म्हणजे खोकलाच. चिंचपोकळी गेली, लालबाग आलं. भिंतींवर मोठमोठ्या अक्षरांत ‘झालाच पाहिजे’ लिहिलेलं होतं, चुन्याचे ओघळ वाळलेले होते. हळूहळू त्याच्या ध्यानात येऊ लागलं की दोन्ही खरं असेल. एकाच दोऱ्याचे दोन फेरे. ज्यांना सगळीकडून वेगळं ठेवलं त्यांनाच हा रोग आधी गाठणार, आणि गाठला की पुन्हा वेगळं ठेवण्यासाठी लोकांना कारण मिळणार, तेही सभ्य कारण. आता त्याने श्वास रोखून धरला आणि आई खोकते का ते ऐकू लागला. श्वास रोखलेला असेपर्यंत ती गप्प होती. त्याने श्वास सोडला आणि ती खोकली. समोरच्या बाईने मांडीवरच्या मुलाचं तोंड पदराखाली घेतलं.

तेव्हा एकेक गोष्ट आपली जागा सोडून पुढे आली. सुभद्रा हल्ली पोरीला, सुनेत्राला, घेऊन व्हरांड्यात निजते. उकडतं म्हणते. डिसेंबरात? सुभद्रा त्याच्या ताटात जेवायची, ती वेगळं ताट घेऊ लागली. “आपण आता बौद्ध ना? मग नवऱ्याचं उष्टं खायची जुनी चाल कशाला?” असं म्हणाली होती, आणि तो खूश झाला होता, मित्रांना सांगितलंही होतं. आपली बायको किती सुधारली! त्याला ट्राममध्ये हसू आलं आणि मग हसूच येईना. कारण एक गोष्ट सुभद्रालाही थांबवता आली नव्हती. तो घरी आला की चहा बशीत ओती, आणि पहिला घोट सुनेत्राचा असे. ती बशीला दोन्ही हात लावून फुर्रकन ओढी, मग तीच बशी तो तोंडाला लावी, मग पुन्हा ती. आबा खाटेवरून ते बघत. त्यांना त्यासारखं सुख नव्हतं. दिवसभर ते त्याचीच वाट बघत असावेत. सात वर्षांची पोर, आणि तिच्या मानेच्या शिरा गेल्या आठवड्यात त्याला दिसल्या होत्या. त्याला भीती वाटली. इतकी की ट्राम थांबायच्या आत तो उतरला आणि परळपासून चालत सुटला, आणि अंगात भीती असूनही त्याला पटापट चालता येईना.

खोलीत दिवा लागलेला होता. आबा खाटेवर होते, आईचा कोपरा रिकामा होता, सुभद्रा स्टोपाशी. सुनेत्रा धावत आली. या घरात ‘बाबा’ हा शब्द भिंतीवरच्या फोटोसाठी राखलेला होता, म्हणून ती त्याला दादा म्हणे. “दादा, बशी!” ती म्हणाली. सुभद्राने कप पुढे केला. दौलत खाली बसला, खिशातून दोरा काढला आणि निळ्या काठाच्या त्या कपाच्या कानाला बांधू लागला. गाठ दोनदा सुटली.

“त्यो दोरा कसला?” आबांनी विचारलं.

“माझा कप आहे, आबा. आजपासून वेगळा.”

“कुनी बांधला तुला दोरा? हापिसात? नाव सांग मला.”

“मीच बांधतोय. बघताय ना.”

“माज्या घरात कुनाचा कप येगळा...”

“आबा, मला आईचं झालंय.”

हे तो मोठ्याने बोलला आणि पाठोपाठ खोकला. आणि त्याला पहिल्यांदा ऐकू आलं. कोपऱ्यातून नाही, मागून नाही, स्वतःच्या छातीतून, आईच्याच आवाजात. तो कोपऱ्याकडे बघत होता आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे. सुभद्राने स्टो बंद केला. “मला पावसाळ्यापासून ऐकू येतंय,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? बोलले असते तर कप वेगळा काढायला लागला असता.” ती आबांकडे न बघता बोलत होती. “उद्या मी येते दवाखान्यात. पोरीचाही फोटो काढून घेऊ.”

आबा एकदम फार म्हातारे दिसू लागले. दौलतला त्यांची कणव आली आणि त्याच वेळी, लाज वाटली तरी, रागही आला. आईसाठी हे कुणीतरी करायला हवं होतं.

सुनेत्रा बशीकडे बघत उभी होती. “मी शिवू नको?” तिने विचारलं. शब्द चाळीतलाच होता, खेळातला, पण आबांचा चेहरा ओढला गेला.

“कपाला नको. बशीला नको. माझ्या अंथरुणालाही नको. मी बरा होईपर्यंत.”

“किती लांब राहू?”

“जरा लांब.”

तिने हट्ट केला नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली, फार समजूतदारपणे, आणि ती मान हलवणं आपण कुठे पाहिलं आहे ते दौलतला लगेच आठवलं. पुन्हा उबळ आली. थांबेचना. सुभद्रा पाठ चोळायला उठणार तोच सुनेत्रा मोरीकडे गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पेला आणला नव्हता, दोरा बांधलेल्या कपात चहा निवत होता. ती त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. तिथे आईचा लाकडी पाट होता. ती पाटावर चढली, टाचा उचलल्या, दोन्ही हातांनी धरलेला तांब्या डोक्याच्या वर, हात जाईल तेवढा वर नेला आणि त्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून कंबर मागे घेतली. तिला हे कुणीही शिकवलं नव्हतं. या घरात तिच्यासमोर ते कधी कुणी बोललंसुद्धा नव्हतं.

“धरा,” ती म्हणाली.

दौलत मुंबईत जन्मला होता. तो नळाचं पाणी पेल्याने प्यायला होता, कधी कुणापुढे उकिडवा बसला नव्हता. तरी तो बसल्या जागी आपोआप उकिडवा झाला, दोन्ही हात पुढे झाले, बोटं एकमेकांत मिटली, अंगठे आत वळले आणि ओंजळ ओठांशी आली, बिनचूक. समोर खाटेवर आबांचे रिकामे हात उचलले गेले होते. त्यांचीही ओंजळ झाली होती. सुनेत्राने धार सोडली. दादाने सांगितलं होतं तेवढ्याच लांब ती उभी होती. दौलत प्यायला, आणि पाणी कोपरावरून गळत राहिलं.